सूज की बाळसे? भूमिका-खेळांच्या उद्योगाची प्रकृती

अंगाने भरलेले मूल दिसले की घरची माणसे खूश होतात. अनुभवी डॉक्टर मात्र आधी त्याच्या पायावर अंगठा दाबून धरतात आणि मग उचलतात. तिथे खळगा तसाच राहिला, तर ते बाळसे नसते, सूज असते. क्वाशिओरकोर नावाच्या कुपोषणात मूल गुटगुटीत दिसू शकते, वजनकाट्यावरचा आकडाही फसवतो आणि तरीही ते मूल आतून खंगत असते. वजन ही एक मोजणी झाली. प्रकृती ही वेगळी गोष्ट.

उद्योगधंद्यांच्या बाबतीत असा अंगठा दाबून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. उलाढाल वाढली की धंदा धडधाकट, घटली की आजारी, इतके सोपे निदान केले जाते. गेल्या दहा वर्षांत अमेरिका-युरोपात ज्याच्या वाढीचे भरपूर कौतुक झाले अशा एका लहानशा उद्योगाच्या उदाहरणावरून हे निदान किती अपुरे आहे ते कळते. तो उद्योग आहे टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमचा. मराठीत त्याला भूमिका-खेळ म्हणता येईल.

हा खेळ समजायला अवघड नाही. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचे एक पात्र असते: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. त्यांच्यापैकी एक जण सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला गेम मास्टर म्हणतात, पण त्याचे काम आपल्या नाटकातल्या सूत्रधाराच्या जवळचे आहे. तो गोष्टीतले जग उभे करतो, वाटेतले पेच मांडतो आणि खेळाडूंखेरीज इतर सगळ्या पात्रांच्या वतीने बोलतो. आपले पात्र आता काय करणार हे खेळाडू सांगतात. ते जमते की फसते याचा निकाल फासे देतात. त्यात वीस बाजूंचा एक फासा विशेष प्रसिद्ध आहे. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट आठवड्यामागून आठवडे, कधी कधी वर्षानुवर्षे चालू राहते.

वाढीचा आलेख

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला छापील खेळ. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातील टीएसआर या कंपनीने तो १९७४ मध्ये बाजारात आणला. पहिल्या छपाईच्या १,००० प्रती होत्या आणि त्या संपायला वर्षाच्या आसपास काळ गेला. आज या खेळाचे मालक असलेल्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीचा दावा आहे की, आतापर्यंत ५ कोटींहून अधिक लोकांनी तो खेळला आहे.

अलीकडची भरभराट २०१४ पासूनची. त्या वर्षी या खेळाची पाचवी, तुलनेने सुटसुटीत आवृत्ती आली. २०१५ मध्ये पात्रांना आवाज देणाऱ्या काही व्यावसायिक कलाकारांनी आपला खेळ ‘क्रिटिकल रोल’ या नावाने इंटरनेटवरून थेट दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्यांना खेळताना पाहायला कोण येणार, ही शंका फोल ठरली. २०१९ मध्ये याच मंडळींनी आपल्या गोष्टीवर ॲनिमेशनपट काढण्यासाठी लोकवर्गणी मागितली, तेव्हा १ कोटी १३ लाख डॉलर जमले. २०१६ मध्ये आलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतली मुले तळघरात बसून हाच खेळ खेळत होती. कोविडच्या टाळेबंदीत टेबले व्हिडिओ कॉलवर गेली आणि खेळ घराघरांत पोहोचला. २०२१ मध्ये ‘अवतार’ या ॲनिमेशन मालिकेवर बेतलेल्या भूमिका-खेळाला ९५ लाख डॉलरची लोकवर्गणी मिळाली. २०२४ मध्ये ब्रँडन सँडरसन या कादंबरीकाराच्या कल्पित विश्वावरच्या खेळाने दीड कोटी डॉलरचा आकडा गाठला.

वजनकाटा एवढेच सांगतो. आता अंगठा दाबून पाहू.

फुगलेले अंग

हा उद्योग याआधीही असाच भराभर वाढला होता, आणि एकदा नव्हे. १९८०च्या सुरुवातीला टीएसआर अमेरिकेतल्या वेगाने वाढणाऱ्या खासगी कंपन्यांत गणली जात होती. पैसा हातात खेळू लागल्यावर कंपनीने भरतकामाचे संच विकणारा धंदाही विकत घेतला. खेळाच्या कंपनीला त्याचा काय उपयोग, हे विचारणारे कोणी उरले नसावे. दशकाच्या मध्यापर्यंत मोठी नोकरकपात करावी लागली आणि १९८५ मध्ये खुद्द गायगॅक्स यांच्या हातून कंपनीचा ताबा गेला.

दुसरी फेरी १९९० च्या दशकात झाली. टीएसआरने आपल्या एकाच खेळासाठी एकामागून एक कल्पित जगे छापायला सुरुवात केली. यादी लांबली, ग्राहक मात्र तेवढेच राहिले. वाळवंटी जगाची पुस्तके घेणारा भुताखेतांच्या जगाची पुस्तके घेईना. पुस्तके मोठ्या वितरकामार्फत दुकानांत जात, तेव्हा हिशेबात विक्री दिसे. ती न खपता परत येऊ लागली, तेव्हा ती विक्री नसून उधारी होती हे उघड झाले. १९९७ मध्ये कर्जात बुडालेली टीएसआर ‘विझार्ड्स’ने विकत घेतली. दोन वर्षांनी हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने ‘विझार्ड्स’लाच सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर मोजून आपल्या छत्राखाली घेतले.

तिसरी फेरी २००० नंतरची. ‘विझार्ड्स’ने आपल्या खेळाचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली सर्वांना वापरायला दिले. या उदार निर्णयातून शेकडो पूरक पुस्तके निघाली. त्यातली बरीचशी घाईघाईत लिहिलेली होती. २००३ मध्ये मूळ नियमांची सुधारित आवृत्ती आली आणि दुकानदारांच्या फळ्यांवरचा जुना माल एका फटक्यात शिळा झाला. अनेक छोट्या प्रकाशकांनी गाशा गुंडाळला.

चौथे उदाहरण लोकवर्गणीच्या काळातले. ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ हा १९८१चा गाजलेला भयखेळ काढणाऱ्या केऑसियम या जुन्या कंपनीने २०१२-१३ मध्ये दोन मोठ्या प्रकल्पांसाठी आगाऊ पैसे गोळा केले. वर्गणी जितकी वाढेल तितकी जादा बक्षिसे देण्याचे वचन होते. छपाई रखडली, टपालखर्च अंदाजापलीकडे गेला आणि २०१५ पर्यंत कंपनी बुडण्याच्या बेताला आली. जुन्या संस्थापकांना परत येऊन, नवे भागीदार घेऊन ती सावरावी लागली. आज ती ठीक चालते आहे. पण तेव्हा लाखो डॉलर जमल्याच्या बातम्या यशाच्या म्हणून वाचल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात ते पैसे म्हणजे द्यायच्या मालाचे कर्ज होते.

चारही वेळी आजाराचा प्रकार एकच आहे. कपाटात गेलेली वस्तू खपली असे धरले गेले, उद्याचे पैसे आज खर्च झाले आणि खेळणाऱ्यांची संख्या त्या वेगाने वाढते आहे का, हे कोणी पाहिले नाही.

एकाच वाणाचे शेत

अंगठा दाबून पाहण्याची दुसरी जागा म्हणजे या उद्योगाचे एकाच नावावरचे अवलंबित्व. अमेरिकेत बहुसंख्य लोकांसाठी भूमिका-खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, जसे आपल्याकडे कित्येक घरांत कोणत्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणत. शेतीशास्त्रात एकाच वाणाच्या लागवडीचा धोका सर्वांना माहीत आहे. १८४५ च्या सुमारास आयर्लंडमध्ये गोरगरिबांचे पोट प्रामुख्याने बटाट्याच्या एका वाणावर होते. एक रोग आला आणि देश उपाशी पडला. पीक जोमात आहे, याचा अर्थ शेत सुरक्षित आहे असा होत नाही.

या उद्योगात तो रोग जानेवारी २०२३ मध्ये येऊन गेला. त्याच्या आदल्याच महिन्यात ‘विझार्ड्स’च्या तत्कालीन प्रमुखांनी गुंतवणूकदारांपुढे सांगितले होते की, या नावातून मिळायला हवा तितका पैसा अजून मिळत नाही. पाठोपाठ नव्या परवान्याचा मसुदा फुटला. तेवीस वर्षे ज्या खुल्या परवान्यावर छोट्या प्रकाशकांनी संसार उभे केले, तो रद्द समजला जाणार होता. वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त मिळकत असलेल्यांना वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन द्यावे लागणार होते. ही टक्केवारी नफ्यावर नव्हे, मिळकतीवर होती. पुस्तकांच्या धंद्यात इतका नफाच मुळात सुटत नाही.

खेळाडू चिडले. हजारोंनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद केली. जानेवारी संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली सर्वांना खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही. त्याच काळात पायझो या स्पर्धक कंपनीने कळवले की, आठ महिने पुरेल असे वाटलेला ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या मूळ पुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपला.

त्या महिन्यात उद्योग वाचला तो या दुसऱ्या-तिसऱ्या वाणांमुळे. अमेरिकेबाहेर ती विविधता आणखी ठळक आहे. जपानमध्ये सर्वाधिक लोकप्रिय भूमिका-खेळ ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ आहे. जर्मनीत १९८४ पासून ‘दास श्वार्त्स आउगं’ हा स्वतःचा खेळ रुजलेला आहे. स्वीडनमध्ये १९८२ पासून देशी खेळांची परंपरा आहे आणि तिथल्या कंपन्या आज जगभर पुस्तके विकतात. प्रकृती पाहायची तर ही यादी किती लांब आणि किती स्वयंपूर्ण आहे ते पाहायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. नवा माणूस या छंदात येतो तो मोठ्या नावामुळेच. मालिका, चित्रपट, संगणकावरचे खेळ यांतून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ जी गर्दी खेचते, तिच्यातलेच काही जण पुढे छोट्या प्रकाशकांचे ग्राहक होतात. मोठे झाड पडले तर सावलीतली रोपे उन्हाने करपतील. हे खरे आहे. पण म्हणूनच त्या झाडाच्या मुळांची काळजी जास्त वाटायला हवी. २०२३ मध्ये याच खेळाच्या नियमांवर आधारलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकीय खेळ जगभर गाजला आणि वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. त्याच डिसेंबरमध्ये हॅस्ब्रोने सुमारे १,१०० नोकऱ्या कमी करत असल्याचे जाहीर केले. तोटा खेळण्यांच्या आणि मनोरंजनाच्या व्यवसायात होता; तरी कुऱ्हाड भूमिका-खेळाच्या विभागावरही पडली. २०२५ मध्ये या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे दोन प्रमुख रचनाकार कंपनी सोडून ‘क्रिटिकल रोल’च्या प्रकाशनसंस्थेत गेले. एका अवयवाने कमावलेले रक्त दुसऱ्याकडे वळवले जात असेल, तर कमावणारा अवयव किती दिवस टिकेल, हा प्रश्न उरतोच.

छोट्यांची अवस्था तर आणखी नाजूक आहे. मुक्त लेखकांना शब्दामागे काही सेंट मिळतात. पायझोच्या कर्मचाऱ्यांनी २०२१ मध्ये संघटना बांधली, तेव्हा या क्षेत्रात तसे कोणी केले नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये डायमंड या जुन्या वितरण कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. खेळांच्या दुकानांना माल पुरवणारा एक मोठा वितरक तिच्याच मालकीचा होता. एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचे आयातशुल्क १४५ टक्क्यांवर नेले. ते पुढच्याच महिन्यात खाली आले, पण चीनमध्ये पेट्या, फासे आणि प्रतिमा बनवून घेणाऱ्या छोट्या प्रकाशकांचे वर्षभराचे गणित तोवर कोलमडले होते. ज्याच्याकडे चार महिन्यांची पुंजी नाही, त्याला अशा एका धक्क्यानेही आडवे होता येते.

सर्वात तुटीचे खत

तिसरी जागा सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ कार्ल स्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी लोकप्रिय केलेला एक नियम शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक असतो: पिकाची वाढ ज्या घटकाची सर्वात जास्त तूट आहे त्यावर ठरते. जमिनीत स्फुरद कमी असेल, तर नत्राच्या गोण्या ओतून उपयोग होत नाही.

भूमिका-खेळांच्या शेतात तुटीचा घटक आहे सूत्रधार. पुस्तके हवी तितकी छापता येतात. खेळाडू मालिका पाहून येतात. पण टेबलाच्या डोक्याशी बसून तीन-चार तास खेळ चालवायला तयार असलेले माणूस मिळत नाही. हे काम कष्टाचे आहे. शेकडो पानांचे नियम वाचायचे, येत्या आठवड्याचा प्रसंग बेतायचा, पाच जणांच्या वेळा जुळवायच्या, टेबलावर कोणी रुसले तर सांभाळायचे आणि हे सगळे बिनपैशांनी. खर्चही बहुतेक त्याच्याच खिशातून जातो. ‘विझार्ड्स’च्या प्रमुखांनी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना जो हिशेब दिला, त्यात सूत्रधार हे एकूण खेळणाऱ्यांच्या सुमारे २० टक्के होते आणि पैसे मोजणाऱ्यांत त्यांचाच वाटा सर्वात मोठा होता. त्यातून कंपनीने काढलेला निष्कर्ष असा की, उरलेल्या ८० टक्क्यांकडून जास्त पैसे कसे मिळतील ते पाहावे.

त्याच आकड्यातून दुसरा निष्कर्षही निघतो. एक सूत्रधार थकून बाजूला झाला की एक ग्राहक जात नाही. सगळे टेबल उठते. चार-पाच खेळाडूंचा खेळ एका दिवसात थांबतो. आणि खेळाडूंची गर्दी वाढली, सूत्रधार तेवढेच राहिले, तर वाढीचा अर्थ एवढाच की, पुस्तक विकत घेऊन टेबलाच्या शोधात असलेले लोक वाढले. न खेळला गेलेला खेळ विक्रीच्या आकड्यात दिसतो. टेबलावर दिसत नाही.

ही टंचाई बाजाराने ओळखली आहे. २०२० पासून ‘स्टार्टप्लेइंग’सारख्या सेवांतून पैसे घेऊन खेळ चालवणारे सूत्रधार मिळू लागले. कष्टाला मोल मिळाले ही चांगली गोष्ट झाली. मात्र दर आठवड्याला तिकीट काढावे लागले, तर मुळात स्वस्त असलेला हा छंद कित्येकांच्या हाताबाहेर जाईल. दुसरा उपाय म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतले जाते: माणूस मिळत नाही ना, मग यंत्रच सूत्रधार करा. यंत्र गोष्ट रचेलही. पण समोरच्याचा पडलेला चेहरा पाहून प्रसंग बदलणे, लाजऱ्या खेळाडूला बोलते करणे, हे ज्या कारणासाठी माणसे टेबलाशी येतात त्याचेच काम आहे. ते काढून घेतले की उरतो तो पडद्यावरचा आणखी एक खेळ, आणि पडदे आधीच पुष्कळ आहेत.

भीती आणि भाबडेपणा

या खेळाचा प्रकृतीशी आणखी एक संबंध आहे: खेळणाऱ्यांच्या मनाच्या प्रकृतीशी. त्याबाबत समाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला आहे.

१९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक अल्पवयीन विद्यार्थी बेपत्ता झाला. तो हा खेळ खेळत असे, एवढ्या धाग्यावरून वृत्तपत्रांनी खेळाला आरोपी केले. १९८३ मध्ये मुलाच्या आत्महत्येने खचलेल्या एका आईने या खेळाविरुद्ध संघटना काढली. १९८५ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘६० मिनिट्स’ या कार्यक्रमातही हा आरोप मांडला गेला. त्या आईचे दुःख खरे होते. तर्क मात्र चुकीचा होता. लाखो तरुण एखादा खेळ खेळत असतील, तर त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत दुर्दैवी घटना घडणारच, जशा त्या वयाच्या इतर लाखोंमध्ये घडतात. प्रश्न असतो तो खेळणाऱ्यांत हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे का, हा. तसे दाखवणारा पुरावा मिळाला नाही. पुढच्या अभ्यासांतही खेळ आणि आत्महत्या यांत कार्यकारण संबंध आढळला नाही. घटनांची यादी हा पुरावा नव्हे, हा साथरोगशास्त्राचा पहिला धडा आहे.

आता वारा उलटा वाहतो आहे. भूमिका-खेळ नैराश्यावर औषध, एकटेपणावर उतारा, लाजाळूपणावर इलाज असल्याचे लेख येतात. यात काही तथ्य नक्की आहे. अमेरिकेत ‘गेम टू ग्रो’ ही संस्था स्वमग्न मुलांना माणसांत मिसळण्याचा सराव व्हावा म्हणून असे खेळ वापरते. ऑस्ट्रेलियातील जेम्स कुक विद्यापीठातील संशोधकांनी २५ प्रौढांना आठ आठवडे हा खेळ खेळायला दिला, तेव्हा त्यांच्यात नैराश्य आणि ताण कमी झाल्याचे दिसले. निष्कर्ष आशादायक आहेत. पण २५ माणसे म्हणजे २५ माणसे. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी चार माणसांनी प्रेमाने बोलवले, तर पत्ते खेळूनही बरे वाटू शकते. फायदा फाशांचा किती, गोष्टीचा किती आणि सोबतीचा किती, हे वेगळे करायला मोठे, तुलनागट असलेले अभ्यास लागतात. ते होईपर्यंत कोणी चालू औषध बंद करून खेळाच्या टेबलाशी जाऊ नये आणि कोणा कंपनीने पुस्तकाच्या वेष्टनावर उपचाराची भाषा छापू नये.

तरीही एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितले की, जगात दर सहा जणांपैकी एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे. जिथे माणसे नियमाने भेटतात, एकमेकांचे ऐकतात आणि कोणाला हरवल्याशिवाय खेळतात, अशा जागा कमी होत चालल्या आहेत. भूमिका-खेळाचे टेबल ही तशी एक जागा आहे. या उद्योगाकडे समाजाच्या उपयोगाचे काही असेल तर ते हे टेबल, पुस्तक नव्हे.

मोजायचे काय?

मग या उद्योगाची नाडी कुठे पाहायची? वार्षिक उलाढाल हा आकडा ठेवावा, पण त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे मांडावेत. वर्षभरात किती टेबले सुरू झाली आणि सहा महिन्यांनी त्यांतली किती चालू आहेत? किती नव्या लोकांनी प्रथमच सूत्रधाराची जागा घेतली? एका मोठ्या नावाला वगळून उरलेल्या प्रकाशकांपैकी किती जण स्वतःच्या कमाईवर जगतात? ऑनलाइन सेवा चालवणाऱ्या कंपन्यांकडे पहिल्या दोन प्रश्नांची निदान काही उत्तरे आहेत. ‘विझार्ड्स’ची मालक हॅस्ब्रोने २०२२ मध्ये अशी एक सेवा १४ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक देऊन विकत घेतली. त्या माहितीचा वापर जास्त वस्तू विकण्यासाठी होतो. प्रकृती तपासण्यासाठीही व्हावा.

उपायही फार दूरचे नाहीत. तीनशे पानांऐवजी तीस पानांत सुरू होणारे, एका संध्याकाळी संपणारे खेळ आधी पुढे करावेत. सूत्रधाराचे ओझे वाटून घेणारे किंवा त्याच्याशिवाय चालणारे खेळ आता आहेत. २००९ मध्ये आलेल्या ‘फियास्को’त सूत्रधारच नाही, सगळे मिळून गोष्ट रचतात. दुकाने आणि सार्वजनिक ग्रंथालये यांनी जागा आणि ठरलेला वार दिला, तर वेळ जुळवण्याचे निम्मे काम कमी होते. आणि प्रकाशकांनी लोकवर्गणीतला पैसा माल पोहोचेपर्यंत उत्पन्न म्हणून नव्हे, देणे म्हणून वहीत लिहावा. केऑसियमने ही शिकवण फार महाग दराने घेतली.

२०२३ च्या भांडणातून एक गोष्ट मात्र कायमची सुटून बाहेर आली. मूळ नियम आता कोणालाही, श्रेय देऊन, फुकट वापरता आणि भाषांतरित करता येतात. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ते आले आहेत. मराठीत आणायलाही कोणाची परवानगी लागत नाही. त्यातून कोणत्या कंपनीचा शेअर वधारणार नाही, कुठल्याच उलाढालीत त्याची नोंद होणार नाही. पण एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा गावच्या वाचनालयात पाच मुले वीस बाजूंचा फासा टाकून आपल्या भाषेत गोष्ट रचू लागली, तर त्या दिवशी हा खेळ खऱ्या अर्थाने एका टेबलाने वाढलेला असेल.